वडिलांचा मनोविकार आणि घरातली मुले : काय सांगावे, कोणी सांगावे, किती सांगावे

प्रश्न : माझ्या पतींना दोन वर्षांपूर्वी बायपोलर मूड डिसऑर्डर (मन कधी अतिउत्साहाच्या तेजीत, तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार) असल्याचे निदान झाले. मध्यंतरी त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि त्रास पुन्हा वाढला. गेल्या महिन्यात एका रात्री शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना गाडीत बसवून रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलगी १३ वर्षांची आहे, मुलगा ६ वर्षांचा. दोघेही त्या रात्री घरात होते. बाबा कंपनीच्या कामासाठी बेंगळुरूला गेले आहेत, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, मुलांच्या कानावर काही जाऊ देऊ नये. त्यांच्या मनावर परिणाम होईल आणि उद्या मुलीच्या लग्नातही अडचण येईल. मुलगी हल्ली माझ्याशी फारशी बोलत नाही, मुलगा रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे. मुलांना याविषयी घरातच काही सांगावे का, आणि सांगायचे तर कसे?

उत्तर : सांगावे, आणि तुमचे पती घरी परत येण्यापूर्वी सांगावे. सासूबाईंची भीती मायेपोटी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या परिणामाची त्यांना भीती वाटते तो होऊन गेला आहे. ती रात्र मुलांनी पाहिली आहे. १३ वर्षांच्या मुलीचा बेंगळुरूवर विश्वास बसलेला असणे जवळपास अशक्य आहे. तुम्हाला हेच उत्तर हवे आहे, हे तिने ओळखले आहे आणि म्हणून ती गप्प आहे. धाकट्याला तिच्याइतके कळत नसले, तरी घरात काहीतरी फार बिनसले आहे हे त्याचे अंथरूण सांगते आहे. मुलांनी जे पाहायचे ते सगळे पाहिले आहे. त्यांच्याजवळ नाही ते त्याचे स्पष्टीकरण, आणि त्याबद्दल विचारायची परवानगी.

मनोविकारग्रस्तांच्या कुटुंबांबरोबर सोशल वर्कर म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे. मोठ्यांनी जी जागा रिकामी ठेवली ती मुलांनी रिकामी राहू दिली, असे मी एकाही घरात पाहिलेले नाही. सहा-सात वर्षांपर्यंतचे मूल जगातल्या घडामोडींच्या केंद्रस्थानी स्वतःला ठेवते. बालविकासाच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे बाबा एकाएकी घरातून गेले, याचे कारण ते स्वतःच्या वागण्यात शोधते. बाबा झोपलेले असताना मी टीव्हीचा आवाज मोठा केला, त्यांच्या फोनवर खेळताना तो पाडला, 'बाबा मला आवडत नाहीत' असे एकदा म्हणालो, अशी कारणे मुले मनाशी धरून बसतात आणि ती कुणालाही सांगत नाहीत, कारण सांगितले तर आपला गुन्हा उघड होईल असे त्यांना वाटते. मोठी मुलगी असा हिशेब करणार नाही. ती मोबाइलवर शोधेल, आणि तिथे तिला नेमके तेच सापडेल जे एकटीने वाचू नये.

सांगण्याच्या बाजूने केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेतील बोस्टन येथील मनोविकारतज्ज्ञ विल्यम बिअर्डस्ली यांनी १९८०च्या दशकात, आईवडिलांना गंभीर भावविकार असूनही चांगली उभी राहिलेली किशोरवयीन मुले अभ्यासली. या मुलांना पालकाच्या आजाराची जाणीव होती, त्याला आपण कारण नाही हे त्यांना स्पष्ट ठाऊक होते, आणि घरात वा घराबाहेर त्यांची कुणाशी तरी घट्ट नाती होती. पुढे त्यांनी आजारी पालकासह संपूर्ण कुटुंबाला बोलते करण्याची पद्धत विकसित केली आणि फिनलंडमध्ये ती मोठ्या प्रमाणावर रुजली. नॉर्वेने तर २०१० पासून, रुग्णाच्या अल्पवयीन मुलांची माहितीची व आधाराची गरज पाहणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कायदेशीर कर्तव्यच केले. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा रुग्णाच्या हक्कांच्या बाबतीत पुष्कळ पुढे गेलेला आहे, आणि दाखल झालेल्या आईपासून तिच्या तीन वर्षांखालील बाळाला सहसा वेगळे करू नये असेही तो सांगतो. परंतु तुमच्या मुलांसारख्या, घरी राहिलेल्या मुलांशी कोणी बोलायचे याची व्यवस्था अजून तयार झालेली नाही. म्हणून ते काम तुमच्याकडे येते.

मात्र मुलांपाशी जाण्याआधी तुमच्या पतींपाशी जा. आजार त्यांचा आहे, आणि मुले त्यांचीही आहेत. त्यांच्या माघारी त्यांच्याविषयी सगळे सांगून टाकले, तर घरी आल्यावर मुलांची बदललेली नजर त्यांना अचानक झेलावी लागेल. तेजीच्या काळात आपण काय बोललो, काय केले, याची लाज बहुतेक रुग्णांना सर्वांत जास्त वाटते ती स्वतःच्या मुलांसमोर. साधारण दोन-तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर झोप परत येते, बोलण्याचा वेग उतरतो, आणि तेव्हा हा विषय काढता येतो. "मुलं विचारतात. मला त्यांना खरं सांगायचं आहे. तुम्हाला काय सांगितलेलं चालेल?" असे सरळ विचारा. ते नाही म्हणाले, तर वाद न घालता त्यांच्या डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या सोशल वर्करला एकत्र बैठक घ्यायला सांगा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पतींच्या संमतीशिवाय डॉक्टर मुलांना काही सांगणार नाहीत. तुमच्यावर मात्र आई म्हणून मुलांना अंधारात न ठेवण्याचीही जबाबदारी आहे. तेव्हा त्यांची तयारी व्हायला वेळ लागत असेल, तर आजाराचे नाव आणि तपशील त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि बाबा आजारी आहेत, रुग्णालयात आहेत, सुरक्षित आहेत, एवढे तुम्ही सांगा. त्यासाठी थांबू नये.

पहिले वाक्य बेंगळुरूबद्दलचे असायला हवे. ते टाळून पुढे गेलात, तर मुलगी तुमचे बाकीचे बोलणेही त्याच तराजूत तोलेल. फार सफाई देत बसू नका, रडून तिच्याकडून क्षमा मागू नका. तसे केले की तुम्हाला सावरण्याचे काम तिच्यावर येते. "मी तुम्हाला बाबा बेंगळुरूला गेलेत असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. काय सांगावं ते मला तेव्हा सुचत नव्हतं. बाबा इथेच दवाखान्यात आहेत. यापुढे मी तुम्हाला खरं तेच सांगेन, आणि एखादी गोष्ट मला माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगेन." एवढे पुरे. हे दोघांना एकत्र सांगितले तरी चालेल, पण त्यापुढचे बोलणे दोघांशी वेगवेगळे करावे. सहा वर्षांच्या मुलासमोर तेरा वर्षांची मुलगी मोठ्या ताईसारखी वागते आणि स्वतःचा एकही प्रश्न विचारत नाही.

धाकट्याशी बोलताना त्याला समोर बसवून "तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे" अशी सुरुवात करू नये. लहान मुले त्या सुरानेच घाबरतात. मटार सोलताना, चित्र रंगवताना, म्हणजे दोघांचे हात आणि डोळे दुसऱ्या कशात तरी असताना बोलावे. पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. शब्द साधारण असे असावेत : "बाबांना आजार झालाय. तो ताप-खोकल्यासारखा बाहेरून दिसत नाही, तो मेंदूत आहे. आपण विचार करतो, आपल्याला राग येतो, झोप येते, ते सगळं मेंदू करतो. बाबांच्या मेंदूला आजार झाला म्हणून त्यांना झोप येईना, ते खूप भरभर बोलायला लागले आणि ओरडायला लागले. हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही. ताईमुळे नाही, माझ्यामुळेही नाही. तू कितीही दंगा केलास तरी असा आजार होत नाही. आणि तो सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागतही नाही." यानंतर थांबा आणि त्याला विचारा, "बाबा का आजारी पडले असतील असं तुला वाटत होतं?" तुम्ही त्याला कितीही वेळा 'तुझ्यामुळे नाही' असे सांगितले, तरी त्याने मनात धरलेले विशिष्ट कारण बाहेर आल्याखेरीज ते वाक्य त्याला लागू पडत नाही. फोन पडल्याची गोष्ट तो बोलला, की तुम्ही फोनबद्दलच बोला.

सहा वर्षांच्या मुलाला आजाराच्या नावापेक्षा दिवसाचा क्रम कळणे जास्त गरजेचे वाटते. शाळेतून आणायला कोण येणार, रात्री जवळ कोण झोपणार, बाबा फोन कधी करणार, वाढदिवसाला ते असतील का, हे त्याचे खरे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे ठरवून ठेवा आणि दिलेला शब्द पाळा. "बाबा लवकर येतील" असे मोघम सांगू नका, कारण लवकर म्हणजे उद्या असा त्याचा समज होतो. "डॉक्टरांनी अजून दिवस सांगितलेला नाही, सांगितला की तुला त्याच दिवशी सांगेन" हे त्याला पेलते. तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारेल. प्रत्येक वेळी उत्तर तेच येते की नाही, याची तो खात्री करून घेत असतो. अंथरुणाबद्दल रागावू नका, ताईला चिडवू देऊ नका, आणि ते दोन-तीन आठवड्यांत कमी झाले नाही किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

या आजाराचे एक वैशिष्ट्य मुलांच्या बाबतीत फार अवघड असते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. नैराश्याच्या काळातले वडील मुलांना दूर गेलेले वाटतात, आणि चिडलेल्या वडिलांची भीती वाटते. परंतु तेजी चढायला लागते तेव्हाचे पहिले काही दिवस मुलांच्या दृष्टीने सणासारखे असतात. बाबा रात्री बाराला उठवून आइस्क्रीम खायला नेतात, न मागता नवी सायकल आणतात, शाळा बुडवून गणपतीपुळ्याला जायचा बेत करतात, सतत हसतात, कधी नव्हे ते खेळायला बसतात. त्यानंतर आई रडते, उधारी निघते, बाबांना नेले जाते, आणि आता आई म्हणते की तो आजार होता. मुलाच्या मनात येते, मग सायकलही आजारच होती का? माझ्याशी खेळणारे बाबा खोटे होते का? आणि बरे होऊन येणारे बाबा पुन्हा खेळणार नाहीत का? हा प्रश्न मुले सहसा तोंडाने विचारत नाहीत, पण सायकलला हात लावेनाशी होतात किंवा उलट तिच्यावरून उतरायला तयार नसतात. त्यांना सांगावे : "तुझ्यासाठी सायकल आणावी असं बाबांना मनापासून वाटत होतं, ते बाबांचंच होतं. त्याच दिवशी, पैसे नसताना, रात्री दुकान उघडायला लावून आणायची घाई झाली, ती आजाराची." सायकल घरातून नाहीशी करू नका. पैशाची कितीही ओढाताण असली, तरी ती परत करायचा निर्णय मुलाला सांगून, त्याच्यासमोर करावा.

मनोविकार समजावताना मधुमेहाचा दाखला सर्रास दिला जातो, आणि गोळी रोज का घ्यायची हे सांगण्यापुरता तो उपयोगी आहेच. परंतु त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. मुले विचारतात, "आजोबांना मधुमेह आहे, ते रात्री भांडी फेकत नाहीत." मधुमेह वागणूक बदलत नाही, हा आजार बदलतो, आणि मुलांना नेमके त्याचेच स्पष्टीकरण हवे असते. म्हणून झोप, बोलणे, राग, पैसा, या गोष्टींची नावे घेऊन सांगा. त्याचबरोबर हेही सांगा, की आजारामुळे माणूस मारायला आला, तरी मार खाऊन घ्यायचा नसतो. बाबा आजारी आहेत म्हणून त्यांच्यावर रागावायचे नाही, असे मुलांना शिकवले, तर आपल्याला वाटलेली भीती चुकीची होती असे ती शिकतात.

आता मुलीविषयी. तिला आजाराचे नाव सांगा, पूर्ण सांगा. नाव तिने कदाचित आधीच शोधलेले असेल. गोळ्यांच्या पट्टीवरून औषधाचे नाव वाचून त्यावरून आजार शोधणारी तिच्या वयाची मुले मला वरचेवर भेटतात. तिच्या कपाटात किंवा दप्तरात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या, तर दचकू नका आणि ओरडूही नका. गेल्या वेळी गोळ्या बंद झाल्यानेच त्रास वाढला, हे तिने ऐकले असेल, तर ती पट्ट्या मोजत असण्याची शक्यता मोठी आहे. बाबांनी आजची गोळी घेतली की नाही हे पाहण्याची जबाबदारी तिने न सांगता उचललेली असते, आणि एखादी गोळी चुकली की त्यानंतरच्या प्रत्येक गोष्टीला ती स्वतःला जबाबदार धरते. तिला स्पष्ट शब्दांत मोकळे करा : "गोळ्यांचं मी आणि डॉक्टर बघतो. तुला काही वेगळं दिसलं तर मला सांग, पण मोजायचं काम तुझं नाही." आणि मग ते काम खरोखर तुमच्याकडे किंवा दिराकडे आहे, हे तिला दिसू द्या.

औषधांविषयी मात्र तिला माहिती द्या, कारण ती रोज त्यांचे परिणाम पाहणार आहे. तुमच्या पतींना लिथियम हे मनाची स्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असेल, तर त्यांचा हात थोडा थरथरेल, चहाचा कप बशीवर वाजेल, तहान जास्त लागेल, पाण्याची बाटली सतत जवळ लागेल. रक्तातले लिथियमचे प्रमाण पाहण्यासाठी वरचेवर तपासणी होईल. हे औषध नवे नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये या आजारावरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि आजही ते महत्त्वाच्या औषधांपैकी एक आहे. इतर काही औषधांनी झोप आणि वजन वाढते. सकाळी अकरापर्यंत झोपलेले बाबा आळशी झालेले नाहीत, हे मुलीला ठाऊक असले, तर आजीने तसे म्हटल्यावर ती निदान गोंधळणार नाही. शॉकचा विषयही तिच्या मनात असणार, कारण सिनेमांनी तो भयानक करून ठेवला आहे. डॉक्टरांनी तो उपचार सुचवला असेल, तर लपवू नका. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास २०१७च्या कायद्याने बंदी आहे, हे तिला सांगा.

तिचा सर्वांत मोठा प्रश्न बहुधा शेवटी येईल, जाता जाता, दाराशी उभे राहून : "मलाही होणार का?" त्याला "छे, काहीतरीच काय" असे उत्तर देऊ नये. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि ते तिने वाचलेलेही असेल. सर्वसाधारणपणे शंभरातल्या एकाला बायपोलर आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर मुलांच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहा असते. म्हणजे तुमच्या मुलीसारख्या शंभर मुलांपैकी साधारण नव्वद ते पंचाण्णवांना हा आजार होत नाही. दोन्ही गोष्टी तिला सांगा, वाढलेला धोका आणि त्याचे खरे माप. काळजी कशाची घ्यायची तेही सांगा : झोप नियमित ठेवणे, गांजा आणि दारूपासून दूर राहणे, आणि कधी सलग काही दिवस मन फार उदास किंवा फार सैरभैर वाटले, तर लपवून न ठेवता सांगणे. यानंतर मोठ्यांनी एक पथ्य कसोशीने पाळायचे आहे. १३ वर्षांची मुलगी दार आपटणार, रडणार, एखाद्या दिवशी खूप बडबडणार. त्या वेळी "ही पण बापावर गेली" असे घरातल्या कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. मुलींच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षे राहते.

तिच्याशी सगळे खरे बोलायचे म्हणजे तिला स्वतःची मैत्रीण करायचे, असा मात्र अर्थ नाही. कर्जाचे आकडे, पतीपत्नींमधल्या गोष्टी, सासरच्यांविषयीच्या तक्रारी तिच्याजवळ बोलू नका. त्यासाठी तुमची बहीण, मैत्रीण किंवा रुग्णांच्या नातेवाइकांचा स्वमदत गट असावा. तिची शिकवणी, खेळ, वाढदिवसाला मैत्रिणीकडे जाणे चालू राहू द्या. बाबा दवाखान्यात असताना आपण हसलो याचा अपराधीपणा तिला वाटत असेल, तर तुम्हीच तिला जायला सांगा. ती रागावली असेल, विशेषतः बाबांनी गोळ्या का बंद केल्या म्हणून, तर तो राग ऐकून घ्या. बरे वाटू लागले की आता गोळीची गरज नाही असे वाटणे, हे या आजारात अगदी नेहमी घडते, हे तिला सांगता येईल. पण ते रागाचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे, तिचे बोलून झाल्यावर.

सासूबाईंना या सगळ्यातून वगळू नका. "झाकली मूठ सव्वा लाखाची" असे मानणारी त्यांची पिढी आहे, आणि मुलाला वेडा म्हणतील या धास्तीने त्या स्वतः किती रात्री जागल्या असतील, याची मला कल्पना आहे. मुलीच्या लग्नाची त्यांची चिंता आपल्या समाजात निराधार नाही. परंतु लग्न ठरायला अजून दहा-बारा वर्षे आहेत, आणि तोवर ही मुलगी गुपित सांभाळत वाढली, तर ती काय घेऊन सासरी जाईल, हे त्यांच्याशी मुले झोपल्यावर शांतपणे बोला. घरातल्या मोठ्यांनी मुलांना सांगायची गोष्ट एकच असावी, एवढे त्यांच्याकडून मान्य करून घ्या. त्यांनी नवस बोलला, देवापुढे दिवा लावला, तर त्यात अडचण नाही. धाकट्याला सांगता येते की आजी देवाला सांगते आणि डॉक्टर गोळी देतात. मात्र "बाहेरचं काहीतरी आहे", "कुणीतरी करणी केली" असे मुलांसमोर बोलले जाऊ नये, कारण त्यामुळे मुले घरातल्या अंधाराला, शेजाऱ्यांना आणि शेवटी वडिलांनाच घाबरू लागतात. कुणी मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह धरलाच, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे सांगायला संकोचू नका.

शाळा आणि शेजार यांसाठी मुलांना एक तयार वाक्य द्या, कारण प्रश्न तर विचारले जाणारच. "बाबा आजारी आहेत, उपचार चालू आहेत" एवढे वाक्य पुरते. कोणता आजार, असे कुणी खोदून विचारले, तर "ते आईला विचारा" असे म्हणायची मुभा द्या. ही गोष्ट लाजेची नाही, पण ती बाबांची आहे, म्हणून कुणाला सांगायची हे आपण ठरवतो, असे समजावले तर दोघांनाही कळते. त्याचबरोबर मुलीला जिच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी एक तरी व्यक्ती घराबाहेर असावी. मावशी असेल, एखादी जवळची मैत्रीण असेल. दोघांच्या वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटून थोडक्यात कल्पना द्या. वर्गात कुणी "वेड्याची पोरगी" म्हणाले, तर ते घरी येऊन सांगायची तिला सवय असली पाहिजे, आणि सांगितल्यावर तुम्ही हादरला नाहीत असेही तिला दिसले पाहिजे.

एक विषय तुम्ही प्रश्नात काढलेला नाही, तो मला काढावा लागतो. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा बराच जास्त असतो. बाबांच्या तोंडून "मी नसलेलाच बरा" असे काही मुलीने ऐकले आहे का, हे तिला सरळ विचारा. असे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही. ऐकले असेल, तर ते एकटीने वाहायचे नाही आणि "कुणाला सांगू नको" असे बाबा म्हणाले असले, तरी ते वचन मोडायचेच, हे तिला ठामपणे सांगा. पूर्वी कधी तसा प्रयत्न झाला असेल आणि पोलिसांच्या भीतीने घराने तो अपघात म्हणून दडवला असेल, तर असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर कारवाई करू नये, अशी तरतूद २०१७च्या कायद्याच्या ११५व्या कलमात आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत. तो घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा. बाबा फार चिडले, तर मुलांनी मध्ये पडायचे नाही, धाकट्याला घेऊन शेजारच्या ठरलेल्या घरी जायचे आणि तुम्हाला किंवा काकांना फोन करायचा. तुम्हीही भेटला नाहीत तर ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक. हे मुलांशी एकदा बोलून, त्या घरच्यांनाही सांगून ठेवा.

रुग्णालयात भेटीला नेण्याची घाई नको. झोप आणि बोलणे पूर्वपदावर आल्यावर, डॉक्टरांना विचारून, आधी फोन, मग थोड्या वेळाची भेट, असा क्रम ठेवा. वॉर्डाला लोखंडी जाळीचे दार असेल, तर ते आधी सांगा, नाहीतर बाबांना कोंडून ठेवले आहे असे धाकट्याला वाटेल. मुलीला यायचे नसेल, तर भरीस घालू नका. तिने चिठ्ठी पाठवली तरी चालेल.

पती घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतः मुलांशी बोलावे. लांबलचक बोलण्याची गरज नाही. "मी आजारी होतो. तेव्हा मी ओरडलो, तुम्ही घाबरलात, त्याचं मला वाईट वाटतं. आता औषध चालू आहे आणि ते मी चालू ठेवणार आहे." वडिलांच्या तोंडून आलेल्या या तीन वाक्यांनी जे होते, ते तुमच्या वा माझ्या तासभराच्या समजावण्याने होत नाही. धाकटा विचारेल, "बाबा, आता तुम्ही पूर्ण बरे झालात?" त्याला हो म्हणून मोकळे होऊ नये, कारण आजार पुन्हा उचल खाऊ शकतो. "आत्ता बरा आहे. पुन्हा झोप कमी व्हायला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जाणार आहे" असे सांगावे. आजार परतण्याची तुमच्या पतींची नेहमीची लक्षणे कोणती, हे तुम्ही दोघांनी डॉक्टरांसह लिहून काढा, आणि त्यांतली एक-दोन मुलीला माहीत असू द्या.

एवढे करूनही धाकट्याचे अंथरूण, शाळेत जाताना रडणे किंवा तुम्हाला क्षणभरही न सोडणे महिनाभरात कमी झाले नाही, किंवा मुलीची झोप, जेवण, अभ्यास बिघडला, ती स्वतःला इजा करू लागली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर त्यांना स्वतंत्रपणे दाखवा. शेवटच्या दोन बाबतींत एक दिवसही थांबू नये. बालक-किशोर मार्गदर्शनासाठी वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभागात किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कक्षात विचारणा करा. जाताना मुलीला कुठे आणि कशासाठी नेत आहात, ते निघण्याआधी सांगा.